आकड्यासोबत त्याची हकिकत : कार्बन नॅनोट्यूबच्या डायइलेक्ट्रिक मापनाची प्रस्तावना

कार्बन नॅनोट्यूब मिसळलेल्या इपॉक्सीची पर्मिटिव्हिटी किती असते? प्रश्न साधा आहे, पण शोधनिबंध चाळायला घेतले की उत्तरांची रांग लागते. कुठे ती दहाच्या आत असते, कुठे पन्नास-साठ, कुठे हजारांच्या घरात. क्वचित आकड्याआधी उणे चिन्हही दिसते. नॅनोट्यूबचे प्रमाण मात्र पुष्कळदा सारखेच, वजनाने दोन-तीन टक्के. नव्याने संशोधनाला लागलेल्या विद्यार्थ्याला वाटते की यांतला एकच आकडा खरा असणार आणि बाकीचे चुकलेले. खरे पाहता त्यांतले बरेच आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. एकाने एक किलोहर्ट्झला मोजले, दुसऱ्याने दहा गिगाहर्ट्झला. एकाच्या नमुन्यात नळ्या एका दिशेने ओढून घेतलेल्या होत्या, दुसऱ्याच्या नमुन्यात त्यांचे गोळे झाले होते. एकाने नमुन्याच्या कडांना चांदीचा लेप दिला, दुसऱ्याने तो तसाच होल्डरमध्ये बसवला. निबंधात यांपैकी काहीच नोंदलेले नसेल, तर नंतर येणाऱ्याने त्या आकड्याचे करायचे काय?

हे पुस्तक त्या अडचणीतून सुटण्यासाठी लिहिले आहे. नमुना कसा बनवला, विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने लावले, कोणत्या वारंवारतेला मोजले आणि कशाने मोजले, या चार गोष्टी मिळून नॅनोट्यूबच्या पदार्थाची पर्मिटिव्हिटी ठरते. म्हणून आकडा द्यायचा तर त्याच्यासोबत त्याची हकिकतही द्यायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढची सगळी प्रकरणे याच एका म्हणण्याचा विस्तार आहेत, आणि ते का पटावे याची पार्श्वभूमी या प्रस्तावनेत मांडतो आहे.

सुरुवात मुळापासून करू. १८३७ साली मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एकात एक बसणारे पितळेचे दोन गोल घेतले. मधल्या पोकळीत कधी हवा ठेवली, कधी लाख, गंधक किंवा काच भरली, आणि विद्युतभार साठवण्याची त्या जोडीची क्षमता किती वाढते ते पाहिले. मधला पदार्थ बदलला की क्षमता बदलते, हे त्यातून सिद्ध झाले. आजही आपण मुळात हेच करतो. निर्वातात जेवढा भार साठेल त्याच्या किती पट भार पदार्थामुळे साठतो, तो आकडा म्हणजे सापेक्ष पर्मिटिव्हिटी. टेफ्लॉनची ती २.१ च्या आसपास असते, साध्या इपॉक्सीची तीन-चार, आणि खोलीच्या तापमानाला पाण्याची सुमारे ८०.

क्षेत्र दर सेकंदाला लाखो-कोटी वेळा दिशा बदलत असेल, तर एका आकड्यावर भागत नाही. पदार्थ किती ऊर्जा साठवून परत देतो हे पर्मिटिव्हिटीचा वास्तव भाग सांगतो आणि किती ऊर्जा उष्णतेत घालवतो हे कल्पित भाग सांगतो. कल्पित भागाला वास्तव भागाने भागले की लॉस टॅन्जंट मिळतो. टेफ्लॉनचा लॉस टॅन्जंट इतका कमी असतो की त्यातून लहर जवळजवळ काहीच न गमावता निघून जाते. नॅनोट्यूबच्या मिश्रणात मात्र कल्पित भाग वास्तव भागाच्या बरोबरीने चालतो, कधी त्याला मागेही टाकतो. मापनातल्या बहुतेक अडचणी येथून सुरू होतात.

आता पदार्थाकडे वळू. जपानच्या त्सुकुबा येथील एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बहुभिंती कार्बन नळ्या पाहिल्या आणि त्यांची रचना नीट उलगडून दाखवली. तेव्हापासून या विषयाने वेग घेतला. त्याआधीही अशा नळ्या कोणाच्या नजरेस पडल्या नव्हत्या असे नाही. सोव्हिएत संशोधक रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्ये पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे छापली होती, आणि १९७६ मध्ये मोरिनोबू एंडो यांनी सहकाऱ्यांसह अशाच तंतूंचे वर्णन केले होते. एकभिंती नळ्या १९९३ मध्ये हाती आल्या, इजिमा यांच्या गटाला आणि अमेरिकेतल्या आयबीएमच्या गटाला जवळजवळ एकाच वेळी. या नळ्या नाना वस्तूंपासून बनवता येतात. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शरण यांनी कापूर जाळून कार्बनचे निरनिराळे प्रकार बनवण्याचे काम बरीच वर्षे केले, आणि नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी त्याच कापरापासून नॅनोट्यूब मिळवले. मराठी वाचकाला देवघरातला कापूर माहीत असतो. तोच प्रयोगशाळेत या नळ्यांचा कच्चा माल ठरला.

डायइलेक्ट्रिक मापनाच्या दृष्टीने नळीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, तिची गुंडाळी. ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा कोणत्या कोनात गुंडाळला गेला आहे हे दोन पूर्णांकांनी सांगतात. त्यांच्या वजाबाकीला तीनने भाग गेला तर नळी धातूसारखी वागते, नाहीतर अर्धवाहकासारखी. निवड न केलेल्या एकभिंती नळ्यांत साधारण एक तृतीयांश धातुस्वरूप आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात. म्हणजे एकाच कुपीत दोन वेगळे पदार्थ मिसळलेले असतात. दुसरी गोष्ट तिचा आकार. व्यास एक-दोन किंवा दहा-वीस नॅनोमीटर आणि लांबी मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे लांबी व्यासाच्या शेकडो ते हजारो पट.

या लांबोळक्या आकारामुळे थोड्याशा नळ्याही मोठा परिणाम घडवतात. खळ्यावर मूठभर दाणे विखुरले तर ते एकमेकांपासून सुटे पडतात, पण तेवढ्याच वजनाची कडब्याची ताटे टाकली तर ती एकमेकांवर पडून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाळे तयार होते. इपॉक्सीतही तेच घडते. प्रमाण एका उंबरठ्यापलीकडे गेले की वीज वाहण्याची सलग वाट तयार होते आणि वाहकता कित्येक पटींनी उसळते. केंब्रिजमधल्या सँडलर, विंडल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इपॉक्सीत हा उंबरठा वजनाच्या अवघ्या ०.००२५ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. काजळीच्या काळ्या भुकटीला यासाठी त्याहून कितीतरी अधिक प्रमाण लागते.

या उंबरठ्याच्या आसपास मोजणी करणाऱ्याला फार सावध राहावे लागते. तिथे जाळे जवळजवळ जुळलेले असते, पण पूर्ण जुळलेले नसते. दोन नळ्यांची टोके एकमेकांजवळ येतात आणि मध्ये इपॉक्सीच्या राळेचा पातळ पडदा उरतो. अशी प्रत्येक जागा म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर, आणि नमुन्यात असे असंख्य कपॅसिटर असतात. भार त्या पडद्यापाशी येऊन थांबतो, म्हणून कमी वारंवारतेला वास्तव पर्मिटिव्हिटी खूप मोठी दिसते. मॅक्सवेल, वॅग्नर आणि सिलर्स यांच्या नावाने ओळखले जाणारे हे आंतरपृष्ठीय ध्रुवीकरण आहे. नळ्यांचे विखुरणे जरा बदलले, अल्ट्रासॉनिक यंत्रात मिश्रण दहा मिनिटे जास्त राहिले, राळ गोठताना तापमान वेगळे पडले, की जाळे बदलते आणि आकडाही बदलतो. म्हणून नमुना बनवण्याची कृती ही मापनाचाच भाग समजावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

वाहकता आणि पर्मिटिव्हिटी यांची सरमिसळ किती फसवी असते ते एका हिशोबाने दाखवतो. समजा नमुन्याची वाहकता प्रति मीटर एक सीमेन्स आहे. वाहकतेमुळे कल्पित पर्मिटिव्हिटीत पडणारी भर काढायची तर वाहकतेला कोनीय वारंवारता आणि निर्वाताची पर्मिटिव्हिटी यांच्या गुणाकाराने भागायचे. निर्वाताची पर्मिटिव्हिटी ८.८५४ गुणिले दहाचा उणे बारावा घात फॅरड प्रति मीटर. दहा गिगाहर्ट्झला उत्तर येते १.८. एक किलोहर्ट्झला तेच उत्तर येते सुमारे १ कोटी ८० लाख. नमुना तोच, वाहकता तीच, आणि आकड्यात एक कोटी पटींचा फरक. वारंवारता न सांगता आकडा छापणे किती निरर्थक आहे, हे याहून स्पष्ट कशाने होईल? कमी वारंवारतेला मोजताना आणखी एक संकट असते ते संपर्काचे. इलेक्ट्रोड आणि नमुना यांच्यामध्ये भार साचतो, आणि तो साठा उपकरण पदार्थाच्या खात्यावर जमा करते. हजारांतल्या पर्मिटिव्हिटीच्या कित्येक दाव्यांमागे हा इलेक्ट्रोडचा परिणाम असतो. यावर उपाय साधा आहे. एकाच पदार्थाचे दोन वेगळ्या जाडीचे नमुने मोजायचे. आकडा जाडीप्रमाणे बदलला तर तो पदार्थाचा नव्हे, संपर्काचा आहे.

आता मायक्रोवेव्हकडे येऊ, कारण या पदार्थांचा खरा उपयोग तिथेच आहे: विद्युतचुंबकीय अडथळा रोखणारी आवरणे, लहर शोषणारे थर, रडारपासून मोबाइलपर्यंतच्या उपकरणांची संरक्षक कवचे. आवरणाने २० डेसिबल अडवले म्हणजे ९९ टक्के शक्ती रोखली. ३० डेसिबल म्हणजे ९९.९ टक्के. ही शक्ती परावर्तनाने रोखली की शोषणाने, हे ठरवायचे तर पर्मिटिव्हिटी नेमकी माहीत असावी लागते.

मायक्रोवेव्हने पदार्थ मोजण्याची परंपरा भारतात फार जुनी आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात पाच मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबीच्या लहरी निर्माण केल्या, म्हणजे सुमारे ६० गिगाहर्ट्झ. त्या लहरींसाठी त्यांनी गंधकाचा आणि काचेचा अपवर्तनांक मोजला. ऊर्जाक्षय नगण्य असेल आणि पदार्थ चुंबकीय नसेल तर अपवर्तनांकाचा वर्ग म्हणजेच पर्मिटिव्हिटी. म्हणजे या पुस्तकाचा विषय भारतीय प्रयोगशाळेत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे. बोस यांचे आणखी एक उपकरण येथे आठवते. ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात त्यांनी कथिलाचे पातळ वर्ख पानोपानी घातले आणि त्या पुस्तकाचा पोलरायझर म्हणून वापर केला. विद्युत क्षेत्र वर्खांना समांतर असेल तर लहर अडायची, आडवे असेल तर पार व्हायची.

नॅनोट्यूबमध्ये हाच गुण अंगभूत असतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटाने २००९ मध्ये एका दिशेने मांडलेल्या एकभिंती नळ्यांच्या पातळ थरातून टेराहर्ट्झ लहरी पाठवल्या. क्षेत्र नळ्यांना समांतर असताना लहर शोषली गेली, आडवे असताना ती जवळजवळ जशीच्या तशी पार झाली. असा पदार्थ हातात असताना एकच पर्मिटिव्हिटी देणे म्हणजे निम्मी माहिती गाळणे. नमुना किमान दोन दिशांनी मोजावा, आणि ओतताना, दाबताना किंवा तंतू ओढताना नळ्यांना नकळत दिशा मिळाली आहे का, हेही तपासावे. साच्यात ओतलेल्या पत्र्यातसुद्धा प्रवाहाच्या दिशेने नळ्या वळलेल्या सापडतात.

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत वेव्हगाइडमधली, तेव्हा ती जवळून पाहू. एक्स-बँडसाठी, म्हणजे ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झसाठी, डब्ल्यूआर-९० वेव्हगाइड लागतो. त्याची आतली पोकळी २२.८६ मिलिमीटर रुंद आणि १०.१६ मिलिमीटर उंच. नमुना त्या मापाचा आयत कापायचा, बारीक पॉलिश पेपरवर कडा घासत घासत होल्डरमध्ये बसवायचा. तो बोटाच्या दाबाने सरकेल इतका घट्ट असावा, ठोकून घालावा लागू नये. दोन्ही तोंडे होल्डरच्या तोंडाशी समतल आणि एकमेकांना समांतर हवीत. मग व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या दोन पोर्टांमध्ये होल्डर जोडून परावर्तित आणि पारेषित लहरींचे मोठेपण आणि फेज नोंदायचे.

या कामात सर्वांत मोठी चूक घडवते ती नमुना आणि भिंत यांमधली हवेची फट. डब्ल्यूआर-९० मध्ये विद्युत क्षेत्र उंचीच्या दिशेने असते, म्हणून वरच्या किंवा खालच्या रुंद भिंतीपाशी राहिलेली फट घातक ठरते. अरुंद बाजूच्या फटीने फारसे बिघडत नाही, कारण तिथे क्षेत्र शून्यावर आलेले असते. रुंद भिंतीपाशी एक दशांश मिलिमीटरची, साध्या कागदाच्या जाडीएवढी फट राहिली असे धरू. नमुना आणि फट म्हणजे एकामागे एक जोडलेले दोन कपॅसिटर. हिशोब केला तर खरी पर्मिटिव्हिटी ५ असलेल्या नमुन्याची ४.८ दिसेल, ही चूक चालून जाईल. खरी २० असेल तर सुमारे १७ दिसेल. आणि खरी १०० असेल तर जेमतेम ५० दिसेल, म्हणजे आकडा निम्म्यावर येईल. साध्या प्लास्टिकला जी फट क्षम्य असते ती नॅनोट्यूबच्या नमुन्याला क्षम्य नसते. म्हणून कडांना चांदीचा पातळ लेप देऊन फट बुजवतात. लेप देताना तो लहरीसमोरच्या तोंडावर पसरू नये याची काळजी घ्यावी, नाहीतर फट जाते आणि तिच्या जागी धातूची चौकट येते.

मोजलेल्या लहरींवरून पर्मिटिव्हिटी काढण्याचे गणित निकोल्सन आणि रॉस यांनी १९७० मध्ये आणि वीअर यांनी १९७४ मध्ये दिले. त्यातून पर्मिटिव्हिटीबरोबर चुंबकीय पर्मिएबिलिटीही मिळते. या गणितात एक अडचण आहे. नमुन्याची जाडी त्याच्या आतल्या अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली आणि पदार्थात ऊर्जाक्षय कमी असेल, तर परावर्तन शून्याजवळ जाते, त्याची फेज भरवशाची राहत नाही आणि आलेखावर खोटे सुळके उठतात. पर्मिटिव्हिटी ९ असलेल्या पदार्थात दहा गिगाहर्ट्झला ही जाडी सुमारे पाच मिलिमीटर येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले जेम्स बेकर-जार्विस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अचुंबकीय पदार्थांसाठी पुनरावर्ती पद्धत मांडून त्यातून वाट काढली.

जास्त नळ्या घातलेल्या नमुन्यात संकट उलट बाजूने येते. प्रति मीटर १०० सीमेन्स वाहकता असेल तर दहा गिगाहर्ट्झला लहर सुमारे अर्ध्या मिलिमीटरमध्येच मूळ मोठेपणाच्या ३७ टक्क्यांवर उतरते. तीन मिलिमीटर जाडीचा नमुना घेतला तर शोषणानेच पन्नासहून अधिक डेसिबल जातात, परावर्तन वेगळे. पलीकडे पोहोचणारा संकेत केबलच्या हालचालीच्या आणि उपकरणाच्या गोंगाटाच्या पातळीला येतो, आणि सॉफ्टवेअर मात्र चार दशांश स्थळांपर्यंत आकडा देत राहते. असा नमुना पातळच करावा लागतो. सॉफ्टवेअर विचारणा करत नाही, म्हणून विचारणा माणसाने करायची.

पर्मिएबिलिटीबद्दल येथेच सांगतो. रासायनिक बाष्पाने वाढवलेल्या नळ्यांत लोह, कोबाल्ट किंवा निकेलचे उत्प्रेरक कण अडकून राहतात. धुऊन काढले तरी थोडे उरतात. त्यामुळे नमुना खरोखर थोडा चुंबकीय असू शकतो. पण निकोल्सन, रॉस आणि वीअर यांच्या गणितात फटीची किंवा फेजची चूक एका राशीतून दुसरीत गळते, म्हणून चुंबकीय कण नसतानाही पर्मिएबिलिटी एकापासून ढळलेली दिसते. मिळालेली पर्मिएबिलिटी खरी मानण्यापूर्वी नमुन्यात लोह किती आहे ते वेगळ्या चाचणीने पाहावे.

वेव्हगाइडखेरीज इतर पद्धतींचीही ओळख हवी. सात मिलिमीटरच्या समाक्ष वाहिनीत बाहेरच्या नळीचा आतला व्यास ७ मिलिमीटर आणि मधल्या दांड्याचा ३.०४ मिलिमीटर असतो, आणि तीत १८ गिगाहर्ट्झपर्यंतचा मोठा पल्ला एकाच नमुन्यावर मोजता येतो. मात्र नमुना वॉशरसारखा कोरावा लागतो, आणि दांड्याला लागून राहिलेली फट सर्वांत वाईट, कारण क्षेत्र तिथेच सर्वांत तीव्र असते. कॅव्हिटीच्या पद्धतीत अनुनादी पेटीत इवलासा नमुना ठेवून अनुनादाची वारंवारता किती सरकली आणि शिखर किती पसरट झाले ते पाहतात. कमी ऊर्जाक्षयाच्या पदार्थाला तिच्याइतकी नाजूक पद्धत नाही. नॅनोट्यूबची भुकटी क्वार्ट्झच्या केशनळीत भरून ती या पद्धतीने मोजतात. मात्र नमुना जरा जास्त झाला की शिखरच नाहीसे होते, आणि नमुन्याने क्षेत्रात थोडासाच फरक पडतो हे पद्धतीचे गृहीतक कोसळते. शिवाय भुकटीचा आकडा हा नळ्या आणि त्यांच्यामधली हवा यांचा मिळून असतो. भुकटी किती दाबून भरली ते सांगितल्याशिवाय तो कोणाच्याच कामाचा नाही.

मोठ्या सपाट पत्र्यांसाठी मुक्त अवकाशातली पद्धत सोयीची. भिंगे बसवलेले दोन हॉर्न अँटेना समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये पत्रा धरायचा. नमुना कुठेच चिकटत नाही, त्यामुळे भिंतीलगतच्या फटीचा प्रश्न मिटतो, आणि पत्रा फिरवून दिशेचा परिणाम लगेच पाहता येतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दीपक घोडगावकर, वसुंधरा वरदन आणि विजय वरदन यांनी १९८९ मध्ये ही पद्धत नीट मांडून दाखवली, आणि आजही तिच्याविषयी लिहिताना त्यांच्या निबंधाचा उल्लेख होतो. कॅलिब्रेशनसाठी त्यांनी थ्रू, रिफ्लेक्ट आणि लाइन हे तीन टप्पे वापरले. ही तीन टप्प्यांची रीत एंजेन आणि होअर यांनी १९७९ मध्ये दिली होती.

याहून वर टेराहर्ट्झचा प्रदेश. एकभिंती नळ्यांच्या थरांच्या वाहकतेत तिथे एक रुंद शिखर दिसते. ते धातुस्वरूप नळ्यांच्या अरुंद ऊर्जा-फटीमुळे आहे की नळीच्या मर्यादित लांबीत इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनामुळे, यावर बराच वाद झाला. राइस विद्यापीठातल्या जुनिचिरो कोनो यांच्या गटाने २०१३ मध्ये दुसऱ्या बाजूने भक्कम पुरावा दिला. म्हणजे नळ्यांची लांबी बदलली की त्या पल्ल्यातली पर्मिटिव्हिटीही बदलते. आणि एकच नळी मोजायची म्हटले तर अडचण आणखी मुळातली आहे. आदर्श धातुस्वरूप नळीचा संपर्करोध पुंजयांत्रिकीच्या नियमाने सुमारे ६.४५ किलोओहमच्या खाली येऊच शकत नाही, आणि आपली सगळी मायक्रोवेव्ह उपकरणे ५० ओहमसाठी बांधलेली. शंभराहून अधिक पटींच्या या विजोडामुळे पाठवलेल्या संकेताचा फार मोठा भाग दारातूनच परत येतो.

वातावरणही मोजणीत हात घालते. बर्कलीच्या अ‍ॅलेक्स झेटल यांच्या गटाने २००० साली दाखवले की हवेतला ऑक्सिजन चिकटला की एकभिंती नळ्यांचे विद्युत गुण लक्षणीय बदलतात. ओलावा तर त्याहून उघड शत्रू आहे, कारण पाण्याची पर्मिटिव्हिटी ८०. कोकणातल्या पावसाळ्यात मोजलेली भुकटी आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मोजलेली भुकटी सारखी असेल असे गृहीत धरू नये. नमुना वाळवून मोजावा आणि खोलीची आर्द्रता वहीत लिहावी. नळ्या मायक्रोवेव्ह ऊर्जा किती जोमाने शोषतात हे २००३ मध्ये छापलेल्या एका प्रयोगातून कळते. २.४५ गिगाहर्ट्झच्या क्षेत्रात ठेवताच त्या प्रखर तापल्या, प्रकाश देऊ लागल्या आणि त्यांतून वायू बाहेर पडला. नेटवर्क अ‍ॅनालायझरची शक्ती अगदी अल्प असते, त्यामुळे मोजताना ही भीती नसते. पण नॅनोट्यूबचा नमुना वाळवण्यासाठी तो घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याचा मोह कोणी करू नये.

मोजून झाल्यावर आकडा समजून घेण्यासाठी मिश्रणाची सूत्रे लागतात. मॅक्सवेल गार्नेट यांचे १९०४ चे आणि ब्रुगेमन यांचे १९३५ चे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. ही सूत्रे मूळ रूपात गोल कणांसाठी आहेत. लांब नळ्यांसाठी त्यांत आकाराचा गुणक घालावा लागतो, आणि उंबरठ्याजवळ त्या दुरुस्तीनेही काम भागत नाही. सूत्र मोजमापाशी जुळले म्हणून रचना समजली, असे मानू नये. जुळणी कोणत्या वारंवारतेपर्यंत टिकते आणि कुठे तुटते, हे पाहण्यातूनच खरी माहिती हाती लागते.

हे सगळे मराठीत लिहिण्याचे कारण महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीने द्रवांची डायइलेक्ट्रिक मोजणी करण्याची भक्कम परंपरा उभी राहिली, आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही ते काम चालू राहिले. मुंबईत समीर ही मायक्रोवेव्हला वाहिलेली संस्था आहे. आणि जिल्ह्याच्या गावच्या अनेक महाविद्यालयांतल्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एक्स-बँडचा बेंच असतो: रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन किंवा गन ऑसिलेटर, स्लॉटेड लाइन, शॉर्ट आणि एक मीटर. या बेंचवर रॉबर्ट्स आणि व्हॉन हिप्पेल यांची १९४६ ची पद्धत आजही उत्तम चालते. नमुना शॉर्टला टेकवून ठेवायचा, स्थिर लहरीचा किमान बिंदू किती सरकला ते मोजायचे आणि समीकरण सोडवायचे. महागडा अ‍ॅनालायझर नाही म्हणून काम अडत नाही. नमुना प्रामाणिकपणे घासला आणि फट बुजवली, तर या बेंचवरचा आकडा हलगर्जीपणे वापरलेल्या अ‍ॅनालायझरच्या आकड्याहून अधिक खरा निघतो.

म्हणून पुस्तकाचा क्रमही तसाच ठेवला आहे. आधी नमुना बनवणे आणि तो तपासणे, मग कमी वारंवारतेची मोजणी, मग बेंच, वेव्हगाइड, समाक्ष वाहिनी, कॅव्हिटी आणि मुक्त अवकाश, आणि शेवटी चुकांचा हिशोब. चुकांच्या प्रकरणाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत आणि ते पहिल्यांदा वाचले तरी चालेल.

वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणताही नॅनोट्यूबचा नमुना मोजण्यापूर्वी रिकामा होल्डर मोजा. उत्तर एक यायला हवे. मग टेफ्लॉन मोजा, उत्तर २.१ च्या जवळ यायला हवे. दोन्ही आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि निबंधात आकडा छापताना त्याच्यासोबत वारंवारता, नळ्यांचे प्रमाण आणि प्रकार, मिसळण्याची कृती, क्षेत्राची दिशा, नमुन्याची जाडी, फटीवर केलेला उपाय, तापमान, आर्द्रता आणि अनिश्चितता एवढे अवश्य द्या. एवढे दिलेत तर तुमची मोजणी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत कोणीही पुन्हा करून पाहू शकेल, आणि तपासून पाहता येते तेच मापन विज्ञानाच्या उपयोगी पडते.